खुर्चीची हजेरी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. फिरती, वर-खाली होणारी, मागे डोकं टेकायला उशी असलेली. आधीच सांगून ठेवते, आज माझं डोकं फिरलेलं आहे. तेव्हा गोडगोड काही ऐकायला मिळेल, अशी आशा धरू नका.

माझी उमेदीची वर्षं एका चष्म्याच्या दुकानात गेली. मालक शिस्तीचे. गिऱ्हाईक आलं की मला फडक्याने पुसायचे, त्याला बसवायचे आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचे. "हलू नका, समोर बघा," एवढंच म्हणायचे. भलेभले माझ्यावर मुकाट बसले आहेत. जाताना कुणी म्हणायचं, खुर्ची काय आरामशीर आहे हो! माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ऐकून ऐकून तो तक्ता मलाही पाठ झाला. मालकांना तर तो झोपेतही म्हणता आला असता.

पुढे माझी बैठक फाटली, दुकानात नवी खुर्ची आली आणि मालकांनी मला घरी आणलं, मुलीच्या अभ्यासासाठी. घरात तिला ठमी म्हणतात. डोळे तपासण्याचं शिक्षण ती घेते, लॅपटॉपवर, घरबसल्या. ती पास झाली की दुकान तिच्या हाती द्यायचं, असं मालकांनी ठरवूनच टाकलं होतं.

घरबसल्या म्हणे! त्यातलं घर होतं, बसणं कुठे होतं? तास सुरू झाला की बाईसाहेब 'हजर' असं टाइप करणार, कॅमेऱ्याचं तोंड जरा वाकडं करणार, माझ्या पाठीवर आपला निळा स्वेटर चढवणार आणि मोबाइल घेऊन पलंगावर लोळणार. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी खाली मान घालून लिहिते आहे. आईने दारातून विचारलं, की उत्तर तयार. रेकॉर्डिंग आहे ना! नंतर बघते ना! हे 'नंतर' कधी उगवलं नाही. कधी अभ्यासाची हुक्की आलीच, तर आधी टेबल आवरायचं, मग पेन्सिलींना टोक काढायचं, मग वेळापत्रक रंगवायचं. रंग वाळेपर्यंत हुक्की गेलेली. वर खापर माझ्या माथी, ही खुर्ची टोचते म्हणून. अगं, बसलीस कधी टोचायला? नाचता येईना, अंगण वाकडं!

तास मी ऐकले, मित्रांनो. एकही चुकवला नाही. एकदा तास घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "ज्याला तक्ता पाठ आहे, त्याला ओळीने वाचायला लावू नका. मधल्याच एखाद्या अक्षरावर पेन्सिल ठेवा आणि विचारा." मी कान टवकारून ऐकलं. ठमी तेव्हा स्वयंपाकघरात चहा करत होती.

मग आलं प्रात्यक्षिक. घरातल्या एकाचे डोळे तपासून अहवाल पाठवायचा होता. शेवटच्या दिवशी धावपळ करत ठमीने तक्ता भिंतीवर लावला आणि बाबांना माझ्यावर बसवलं. किती वर्षांनी मालक माझ्यावर बसत होते! पण बसण्याआधी त्यांनी चाचपून माझा हात शोधला, आणि तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. ठमी 'दृष्टी उत्तम' लिहून मोकळी झाली. मी जीव तोडून करकरले. पण खुर्ची करकरली की लोक तेल घालतात, ऐकून कोण घेतो?

बाईंनी अहवाल परत पाठवला. वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे ना, मग तक्ता पाठ असणार, तो तास पुन्हा बघ, असं खाली लिहिलं होतं. 'पुन्हा' म्हणे!

अखेर ते थोर रेकॉर्डिंग उघडलं. ठमी माझ्यावर नीट बसली. पडद्यावर सगळ्या वर्गाचे चौकोन होते आणि तिच्या चौकोनात मी होते, निळा स्वेटर घालून. खाली तिचं नाव. आधी ती खुदकन हसली. मग बाईंचं ते वाक्य आलं आणि तिचं हसू मावळलं.

तिने बाबांना पुन्हा बोलावलं. म्हणाली, मी अक्षरावर पेन्सिल ठेवते, तेवढंच सांगा. मालक बसले. वाट बघत राहिले.

"ठेव ना गं पेन्सिल," ते म्हणाले.

पेन्सिल केव्हाचीच तक्त्यावर होती.

"ठेवली आहे, बाबा."

मालकांचे हात माझ्या हातांवर घट्ट झाले. "तुझी परीक्षा होईपर्यंत रेटायचं होतं," ते हळूच म्हणाले. "कळलं असतं, तर अभ्यास सोडून माझ्यामागे धावली असतीस."

अभ्यास सोडून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठमी रडायला लागली. मालक तिचीच समजूत घालत होते, अगं, मोतीबिंदू असेल, निघेल. ती कशासाठी रडते आहे, ते त्यांना कळलंच नाही.

उद्या ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. आज सकाळपासून मात्र माझ्यावर बसून मागचे तास बघते आहे. मध्येच हात मोबाइलकडे गेला, तेव्हा स्वतःच उठून तो आईकडे देऊन आली. किती दिवस टिकेल देव जाणे. मी पोळलेली आहे, लगेच टाळ्या वाजवणार नाही.

मित्रांनो, माझी बैठक शिवली नाहीत तरी चालेल, चाकांना तेल घातलं नाहीत तरी मी कुरकुरत का होईना उभी राहीन. फक्त मला तुमचा स्वेटर घालू नका. माझ्यावर तुम्ही बसा.