चिमणाबाईच्या रेघा

“जसं हाय तसं काढा की ओ. मी काय नवरी हाय व्हय?”

अम्मीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. शाहूपुरीतल्या आमच्या स्टुडिओत, पडद्यावर रंगवलेल्या तळ्यापुढं ती स्टुलावर बसली होती आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली अब्बा हसत होते. मी तेव्हा चार वर्षांची. पुढच्याच साली ती गेली. आवाज राहिला, चेहरा राहिला नाही. तो मी भिंतीवरच्या फोटोतून उसना घेतला. फोटोत तिचे गाल सायीसारखे तुळतुळीत. माझ्या बोटांना मात्र ते खरखरीत आठवतात, भाकरीच्या पापुद्र्यासारखे. बोटंच चुकत असतील, म्हणायचे मी.

अब्बांचं नाव शमशुद्दीन. फोटोच्या टचिंगमध्ये त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं टिंब टिंब करत सुरकुती भरत जायची. निगेटिव्हवर शिसं चढलं की कागदावर गाल उजळतो. “आपल्या दुकानातनं डाग घिऊन कोण भाईर गेलं न्हाय,” असं ते गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात पुण्याहून एक मोठे फोटोग्राफर येणार होते. एका सभागृहात दिवसभर बसून ते नव्या लोकांचं काम बघणार, प्रत्येकाचे बारा फोटो. ज्याचं काम पटेल त्याला वर्षभर स्वतःबरोबर कामाला नेणार. मी शाळेत चित्रकला शिकवत होते आणि मला तिथून सुटायचं होतं. तहान लागावी तसं हवं होतं मला ते वर्ष.

त्यासाठी दोन पावसाळे, दर रविवारी, एसटीनं राधानगरीकडं गेले होते. गळ्यात अब्बांचा दोन भिंगांचा जुना कॅमेरा. भाताच्या रोपलावणीला वाकलेल्या बायका, गुडघ्याएवढ्या चिखलात, डोक्यावर इरलं. त्यातली चिमणाबाई सत्तरीची. पहिल्यांदा माझ्यावर खेकसली, “ए पावणं, हिकडं काय तमाशा हाय?” तिसऱ्या रविवारी स्वतःच तोंड पुढं केलं. “घे बाई. साठ लावण्या झाल्या, साठ रेघा हायत का बघ मोजून.” मी खरंच मोजायला लागले तेव्हा बांधावरच्या सगळ्याजणी खो खो हसल्या, आणि ती हसताना कॅमेऱ्याचं बटण माझ्याकडून कधी दाबलं गेलं मलाच कळलं नाही.

बारा चेहरे निवडले. छोटे प्रिंट मी स्वतः काढले. मोठे करायच्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा आल्या, दीडशे मुलांची चित्रं तपासायची. अब्बा म्हणाले, “नाजू, निगेटिव्ह ठिवून जा. मी करतो. तुझ्याहून बरंच करीन.” माझे फोटो बघून ते कधी बरं-वाईट बोलले नव्हते. आज निदान हात तरी लावतायत, म्हणून मी सुखावले.

पुण्याचे सर यायच्या दिवशी सकाळी अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी लुनावर त्यांच्या मागं बसले, मांडीवर लाल कापडात बांधलेलं मोठ्या प्रिंटांचं खोकं. “हितं उघडू नगंस. बोटं उमटतील,” म्हणाले. मी ऐकलं. तेवढंच ऐकायला नको होतं.

सभागृहात माझ्याआधी सूरज नावाचा मुलगा होता. त्याचे बारा फोटो म्हणजे रंकाळा तळ्यावरचे बारा सूर्यास्त. सरांनी चष्मा काढला. “रंकाळा सोडून कोल्हापुरात दुसरं काहीच नाही का हो?” सूरज हिरमुसून उठला. मला हसू आलं. माझ्याकडं चिमणाबाई होती.

खोकं उघडलं.

वरचाच फोटो तिचा. तिचा म्हणजे, इरलं तिचं, चिखल तिचा, हसणं तिचं. चेहरा कुणा भलत्याच बाईचा. एक रेघ नाही. कपाळ आरशासारखं, गाल लग्नातल्या करवलीसारखे. खाली तिच्याच बांधावरची अंबूबाई, तीही तशीच. बाराच्या बारा जणी हळद लावून चिखलात उतरल्यासारख्या.

सर एकेक बघत गेले. चौथ्याला थांबले. “चौकट छान आहे. उजेड कळतो तुम्हाला. पण ही माणसं नाहीत हो, बाहुल्या आहेत. हे टचिंग कुणी केलं?”

मी मागं पाहिलं. भिंतीला टेकून अब्बा उभे होते. चेहऱ्यावर अजून मघाचंच हसू होतं, फक्त त्याला आता कुठं जावं ते कळत नव्हतं.

“मीच,” मी म्हणाले.

“मग तुम्हाला स्वतःचंच चित्र कळलं नाही,” सर म्हणाले. खोक्याचं झाकण त्यांनीच लावलं. “पुढचे कोण?”

परतीच्या वाटेवर लुनाच तेवढी बोलत होती. स्टुडिओत शिरल्यावर अब्बा म्हणाले, “चा टाकू?”

“बारा बायका होत्या, अब्बा. तुम्ही एकच केलीत.”

“मोठं केल्यावर लई वंगाळ दिसाय लागलं गं ते. म्हटलं, पोरगीचं काम परगावच्या माणसापुढं जातंय...”

“मला विचारलंत? एकदा तरी?” माझा आवाज फाटला. “दोन वर्षं त्या रेघांसाठी गेले मी!”

मी निगेटिव्ह काढल्या, कापसावर टर्पेंटाइन घेतलं आणि त्यांच्याच तिरक्या काचेवर चिमणाबाईला ठेवून पुसायला लागले. शिसं कापसाला काळं काळं येऊ लागलं. एक रेघ मोकळी झाली. मग दुसरी. सर तर दुपारच्या गाडीनं जाणार होते, आणि गेलेही असतील. आता ह्याचा उपयोग नव्हता, तरी हात थांबेना.

अब्बा बाजूला येऊन उभे राहिले. “‘मीच’ म्हणालीस तिथं. माझं नाव का घेतलं न्हाईस?”

मी तिसऱ्या रेघेवर कापूस फिरवला.

ते आत गेले. कपाटाचा खण वाजला. परत आले तेव्हा हातात जुनं, कडा पिवळ्या पडलेलं पाकीट होतं. त्यातली निगेटिव्ह त्यांनी चिमणाबाईशेजारी काचेवर ठेवली. उजेडात दिसली ती स्टुलावर बसलेली बाई, मागं रंगवलेलं तळं, आणि गालांवर पेन्सिलीची दाट, बारीक टिंबं.

“हीबी पूस,” ते म्हणाले. “तुझ्या अम्मीच्या तोंडावर देवीचे वण हुते, नाजू. गालभर. ती म्हणत हुती जसं हाय तसं काढा. मी ऐकलं न्हाय. आता डोळं मिटलं की मलाबी हा फोटूच दिसतोय गं, ती दिसत न्हाय.”