मोजणीआधीचं जेवण

रोंडा फॉसमने कप पुसून उपडा ठेवला आणि आर्डिसबाईंनी तो उचलून पुन्हा पुसला. चर्चच्या तळघरातल्या त्या स्वयंपाकघरात आर्डिस लोकन यांच्या मनासारखा कप आजवर कुणालाच पुसता आला नव्हता. एल्मडालला शाळा एकच, त्यामुळे मुख्याध्यापिका रोंडाच आणि शिक्षण मंडळाची अधिकारीही रोंडाच. पण इथे ती अजून आर्डिसबाईंच्या रविवारच्या वर्गातली पोरगी होती.

"मिसेस लोकन, एक मागायला आलेय."

"छप्पर गळतंय का परत?"

"नाही. मुलांच्या जेवणाचे पैसे भरणं थांबवा."

आर्डिसबाईंचा हात थांबला. शाळेत कुणा मुलाचं जेवणाचं खातं रिकामं झालं की चर्चच्या बायका ते गुपचूप भरत. मुलाला कळत नसे, घरच्यांना कळलं तरी ते कळल्याचं दाखवत नसत. मग सरकारी मोफत जेवणासाठी अर्ज करायची पाळीच कुणावर येत नसे. आणि वॉशिंग्टनहून गरीब मुलांच्या शिक्षणासाठी येणारा पैसा राज्य या लहान गावांत वाटायचं ते नेमके हेच अर्ज मोजून. कागदावर एल्मडालमध्ये गरीब मूल जवळजवळ नव्हतंच. नदीपलीकडे ब्रॅटनमध्ये मात्र शाळाप्रवेशाबरोबरच सगळे अर्ज भरून टाकत, अंगणात मोटरबोट उभी असलेलेसुद्धा. एल्मडालचा वाटा दरवर्षी थोडा थोडा ब्रॅटनला जात होता. यंदा तो इतका आटला की वाचन शिकवणाऱ्या ट्रूडीचा पगार निघणार नव्हता.

"म्हणजे आम्ही पोरांना जेवू घातलं ते चुकलं?"

"चुकलं नाही. पण ते वॉशिंग्टनला दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच तर केलं."

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, मिसेस लोकन."

"आई निदान तोंड बघून तरी ओळखते गं." आर्डिसबाईंनी फडकं पिळून वाळत टाकलं. "बरं. अर्जांची मोजणी होईपर्यंत आम्ही थांबवतो. पण सही कुणी करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुझ्या आजोबांनीच शिकवलंय या गावाला."

रोंडाने घरोघर अर्ज पाठवले. एकही परत आला नाही, तेव्हा ती स्वतः निघाली. बीटाचा हंगाम होता. व्हर्न आसन अंगणात ट्रकचं चाक बदलत होता. त्याची जोलीन तिसरीत होती. अक्षरांपुढे गप्प बसणारी ती पोर ट्रूडीच्या हाताखाली आत्ता कुठे अख्खं वाक्य वाचायला लागली होती.

"आम्हाला गरज आहे असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. सगळ्यांकडेच जातेय."

"मग आधी सोरेनसनकडे जा."

"त्याच्याकडूनच आलेय. तो म्हणाला, व्हर्नने सही केली की मीही करतो. ओल्सन तेच म्हणाला."

व्हर्न हसला. "शहाणे आहेत. बकरा मी व्हायचं."

"ट्रूडीची नोकरी जाईल, व्हर्न."

"ती कुठे जातेय? गावचीच तर आहे." त्याने पाना उचलला. पण अर्ज त्याने घेतला, तेलकट हात पँटला पुसून, आणि कोटाच्या खिशात ठेवला.

जेवणाच्या सुट्टीतली रांग रोडावली. मुलं घरून डबे आणू लागली. जोलीन डब्याचं झाकण उभं धरून त्याच्याआड जेवायची. एकदा जवळून जाताना रोंडाला दिसलं: पावाचे दोन तुकडे, मध्ये साखर. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी रोंडा टपाल चाळायची, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण पोरांची भूक घरच्यांना असह्य व्हायची वाट बघत बसलोय. तिला स्वतःची किळस आली.

मोजणीच्या आदल्या दिवशी ती शाळेच्या जेवणघरात गल्ल्यावर बसणाऱ्या बेव्हकडे गेली.

"जोलीनच्या खात्यात भर. डबा आणणाऱ्या बाकीच्यांच्याही. माझं नाव नको."

बेव्हने चष्म्यावरून पाहिलं. "उद्या मोजणी आहे ना?"

"आहे."

त्या दुपारी जोलीन ताट घेऊन रांगेत उभी राहिली. रोंडा तिथे थांबली नाही.

शाळा सुटल्यावर बऱ्याच वेळाने व्हर्नचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला. तो खाली उतरला, टोपी काढली, परत घातली.

"जोलीनला आज गरम जेवण मिळालं म्हणे. चर्चवाल्या बायकांनी परत सुरू केलं वाटतं?"

पैसे आपण भरले म्हटलं तर हा उद्या बीट विकून परत करील, आणि जन्मात नजरेला नजर देणार नाही. रोंडा म्हणाली, "हो."

"बरं झालं." त्याने खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. खाली त्याची सही होती, शाळकरी मुलासारखी, ओळीवर नीट बसवलेली. "काल रात्री केली होती. सोरेनसनलाही फोन केला, तोही तयार झाला होता. आता नको लागायला."

"आणलाच आहेस तर दे, व्हर्न. ट्रूडीसाठी दे."

"पोरीला जेवण मिळतंय आणि वर सरकारपुढे हात पसरू? तसले आम्ही नाही. ते नदीपलीकडचे."

रोंडाने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. व्हर्नने कागदाची आणखी एक घडी घातली आणि तो ट्रकमध्ये चढला. इंजिन सुरू केल्यावर त्याला काहीतरी आठवलं, त्याने काच खाली केली.

"ट्रूडीला सांग. काल जोलीनने मला अख्खं पान वाचून दाखवलं. मध्ये कुठेही अडली नाही. पुढच्या वर्षी तर पुस्तकच संपवेल."

"सांगते," रोंडा म्हणाली.