कप्तान डावीकडेच वळतो

जिजाबाईचा कुत्रा कौसल्येच्या दारी जाऊन बसायला लागला, तेव्हापासून जिजाबाईला अन्न गोड लागेना. दुसऱ्या कोणाच्या दारी गेला असता तर एक वेळ चाललं असतं. लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरा मशिनींच्या मागं त्या गल्लीत चौदा घरं होती. बाकीची बारा सोडून मेल्याला नेमकं कौसल्येचंच दार बरं सापडलं!

कौसल्या म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत. गेटातून बाहेर पडलं की डाव्या हाताला तिचं अंगण. सहा वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ती शिवणयंत्र घेऊन या गल्लीत राहायला आली. बारीक अंगाची, हळू बोलणारी. हे हळू बोलणंच जिजाबाईच्या डोळ्यांत खुपायचं. जिजाबाई स्वतः नळावरून हाक मारायची तर ती आरा मशिनीच्या आवाजातही तिथल्या मालकापर्यंत पोचायची.

तसं भांडणाला कारण काही नव्हतं. जिजाबाईचे यजमान महादेवराव आरा मशिनीवर कामाला. एकदा कौसल्येनं सणाला वडे पाठवले आणि तो भोळा माणूस जेवता जेवता म्हणून गेला, "कौसल्याबाईचे वडे भल्ले हलके होतात." झालं! त्या दिवसापासून जिजाबाईनं घरात वडे केले नाहीत. पुढं कळमेश्वरला दिलेली मुलगी माहेरी आली की आधी ब्लाऊज शिवायला कौसल्येकडं धावायची आणि तासतासभर तिकडंच रमायची. जिजाबाई मूग गिळून बसायची. नवरा गेला, पोरगी गेली, म्हणजे त्या बाईच्या वाट्याला गेली, आणि आता अकरा वर्षांचा कप्तान! बोटभर होता तेव्हा कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलेला!

सुरुवात झाली ती हिवाळ्यात. कप्तानची तहान वाढली. बादलीभर पाणी प्यायचा आणि घरभर ओलं करायचा. भूकही तशीच. पोळी दिली की पोळी, भात दिला की भात, वर ताटाकडं बघत लाळ गाळत बसायचा. हळूहळू पोट लोंबायला लागलं, पाय काटकुळे झाले, कुशीचे केस गळून खालची कातडी दिसायला लागली. आपल्याकडं दोन वेळ मोजका घास आणि पोट तर नगाऱ्यासारखं! जिजाबाईनं हिशेब लावला, की कौसल्या याला चोरून खाऊ घालते. लळा लावते. घरचा कुत्रा पळवते.

तिनं नळावर चार बायकांत विषय काढला.

"काहून वं कौसल्ये, दुसऱ्याच्या जनावराले चारून चारून काय मिळते तुले?"

कौसल्या घागर तशीच धरून उभी राहिली. "मी काई चारत नाई वं, जिजाबाई. पाणी तेवढं ठेवतो घमेल्यात. ते पेते तो."

"पाणी! पाण्यानं असं पोट येते का? मले काय येडी समजते का?"

कौसल्येनं मान खाली घालून घागर नळाखाली धरली. भरली तशी निघून गेली. तिच्या त्या गप्प राहण्यानं जिजाबाईच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. घरी येऊन तिनं कप्तानचं खाणं निम्म्यावर आणलं, आणि घर ओलं करतो म्हणून पाणीही. सकाळी एक वाटगं, संध्याकाळी एक वाटगं. महादेवराव म्हणाले, "उन्हाळा आहे वं." ती म्हणाली, "तुम्ही चूप बसा." नागपूरचा मे महिना, कूलरची हवासुद्धा गरम लागायची. कप्तान जीभ काढून धापत उठायचा आणि भिंतीच्या कडेकडेनं डावीकडं जायचा.

श्रावणात मात्र वेगळंच सुरू झालं. घमेल्याची गरज उरली नव्हती, जागोजाग पाणी होतं. तरी कप्तान गेटातून उतरला की डावीकडं! जिजाबाई हाका मारायची, "कप्तान, ए कप्तान!" तो मान वळवायचा नाही. एकदा तिनं त्याला दोन्ही हातांनी धरून उजवीकडं तोंड करून उभं केलं. तो दोन पावलं गेला, स्वतःभोवती फिरला आणि पुन्हा डावीकडं, कौसल्येच्या अंगणात. तिथं भिंतीला कपाळ टेकून उभा राहायचा, देवाला गेल्यासारखा. माय वं! अकरा वर्षं जिचं मीठ खाल्लं तिच्याकडं पाठ, आणि परक्या बाईच्या भिंतीला डोकं! तळपायाची आग मस्तकात गेली जिजाबाईच्या. ती खिडकीतून बघायची आणि बघून रडायची. बघितल्याशिवायही राहवायचं नाही.

मग एका सकाळी कप्तानला झटका आला. पाय ताठ, तोंडाला फेस. महादेवरावांनी मशिनीवर निरोप पाठवला, सायकल रिक्षा बोलावली, आणि कप्तानला पोत्यात घालून दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर मनोहरराव शांत माणूस होते. त्यांनी कप्तानची कातडी चिमटीत धरून पाहिली, पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग म्हणाले, "खूप दिवसांपासून आजारी आहे हा. याला कुशिंगचा रोग म्हणतात. मेंदूच्या खाली इवलीशी ग्रंथी असते. तिथं गाठ झाली, की अंगात नको तेवढा रस तयार होतो. त्यानं भूक वाढते, तहान वाढते, पोट लोंबतं, केस जातात."

"म्हंजे कोणी खाऊ घातल्यानं नाई?" जिजाबाईनं विचारलं.

"उपाशी ठेवला असता तरी पोट आलंच असतं, बाई. पाणी तर कमी केलं नव्हतं ना?"

महादेवरावांनी बायकोकडं पाहिलं. जिजाबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "दोन वाटगी देत होती मी. उन्हाळाभर."

"दोन वाटगी?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "या आजारात, मे महिन्यात? आठ दिवसही काढले नसते यानं. दुसरीकडं कुठं तरी पोटभर पीत असणार, म्हणून जगला."

जिजाबाईच्या डोळ्यांसमोर कौसल्येचं घमेलं आलं. तिला तिथंच जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरांनी कप्तानला खाली सोडलं. तो उठला आणि खोलीत गोल फिरायला लागला. एक फेरा, दोन फेरे, सगळे डावीकडं. "बघा," डॉक्टर म्हणाले, "गाठ वाढून मेंदूवर दाब आला आहे. भिंतीला डोकं लावतो ना? त्याचंच ते लक्षण. दिसतही नाही त्याला फारसं. आता तो चालला की डावीकडेच वळणार."

जिजाबाईनं मान वर केली. "घरातून निघाला, की डावीकडंच?"

"कुठल्याही घरातून."

"म्हंजे त्याले तिकडं कोणाच्या घरी जायचं नसते?"

"कोणाच्या घरी जायचं हे कळण्याच्या पलीकडं गेला आहे तो, बाई. ही गाठ काढण्याची सोय आपल्याकडं नाही. झटक्यांसाठी गोळ्या देतो. पाणी हवं तेवढं द्या, अंग कोरडं ठेवा. महिना, फार तर दोन."

आणि खरं सांगायचं तर, परत येताना त्या रिक्षात जिजाबाई मनातून खूश होती. मांडीवर मरायला टेकलेला कुत्रा, आणि ही बाई खूश! लाज नको? घमेल्याची गोष्ट तिनं मनाच्या तळाशी दाबून टाकली, आणि ही दुसरी गोष्ट मात्र साडीच्या पदरात गाठ मारून आणावी तशी घरी आणली. तो कौसल्येकडं जातच नव्हता! रोग नेत होता त्याला! उद्याच्या उद्या तोंडावर सांगते, म्हणाली. सहा वर्षांचा वचपा निघेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तान गेटातून उतरून डावीकडं गेला आणि त्याच्यामागोमाग जिजाबाईही गेली. कौसल्येच्या अंगणात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. भिंतीच्या ज्या कोपऱ्यात कप्तान कपाळ टेकायचा, तिथं कौसल्येनं जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकली होती, डोकं खरचटू नये म्हणून. खाली पोतं अंथरलं होतं.

"डॉक्टर काय म्हणले?" कौसल्येनं विचारलं.

"मेंदूत गाठ आहे. जगत नाई आता." जिजाबाईनं पुढचं वाक्य जिभेवर आणलं. "अन् ते म्हणले, की हा..."

"रागावू नको वं, जिजाबाई." कौसल्येचे डोळे भरले होते. "तुझा कुत्रा आहे, मले समजते. पण एक बोलू का? सहा वर्षं झाली मले इथी. माझ्या दारी माणसं येतात ते कपडा घेऊन. शिवून झाला का, म्हणून विचारतात अन् जातात. तुझ्याकडं पहा, कोणीही येते, काई काम नसते, बसते, हसते. मले आवाज येते सगळा भिंतीतून. भल्ली जळतो मी तुझ्यावर. काम नसताना माझ्या दारी आलेला हा एकच."

जिजाबाई बघतच राहिली. ही जळते? माझ्यावर? जिभेवरचं वाक्य पुढं सरकेना आणि गिळवेना.

"त्याले... त्याले रोज कोरडं पायजे अंगाखाली," ती शेवटी म्हणाली. "मी भुसा पाठवून देतो मशिनीवरचा." आणि तरातरा घरी आली. आल्यावर स्वतःवरच चिडली. आज नाही तर उद्या सांगू, म्हणाली.

तो उद्या काही येईना. महादेवराव रोज पोतंभर लाकडाचा भुसा आणायचे. निम्मा इकडं पसरायचा, निम्मा तिकडं. सकाळी जिजाबाई कप्तानला मऊ भात हातानं भरवायची, गोळी गुळात दाबून द्यायची, सुटलेली कातडी कडुलिंबाच्या पाण्यानं पुसायची. दुपारी गेट उघडायची. गेट उघडताना तिचा हात रोज अडायचा. भिंतीपलीकडून कौसल्येचा आनंदी आवाज यायचा, "आला वं, आला!" आणि जिजाबाईच्या काळजात रोज एकदा सुरी फिरायची. भिंतीवरून ओरडून सांगावं वाटायचं, की अगं, गाठ घेऊन आली त्याला! तुझं काही नाही त्यात! ती दात-ओठ खायची आणि भांडी आपटायची.

पोळ्याच्या तीन दिवस आधी कप्तान उठला नाही. जिजाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास हळू चालला होता. महादेवराव कामावर गेले होते. तिनं गेटाची कडी लावून घेतली. आता हा कुठं जाणार नव्हता. शेवटी जिच्या हातानं जगला तिच्याच मांडीवर जाणार होता, आणि हे तिचं होतं, हक्काचं होतं. ती त्याच्या कानामागं खाजवत सकाळभर तशीच बसली.

दुपार झाली. गेटाशी कौसल्या येऊन उभी राहिली. "आज नाई आला वं?"

जिजाबाईनं कप्तानखालचं पोतं सारखं केलं.

कौसल्येला आतलं दिसलं. "बरं," ती हळूच म्हणाली. "तुझ्यापाशीच असू दे. तुझाच आहे तो." आणि गेली.

जिजाबाईला वाटलं होतं, की आता थंड वाटेल. तसं काही वाटलं नाही. मे महिना आठवला. दोन वाटगी आठवली. डॉक्टरचं ते पाण्याबद्दलचं बोलणं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं आणि महादेवरावांनाही सांगू दिलं नव्हतं. नळावर चार बायकांत चोर ठरवलेली ती बाई घागर भरून मुकाट्यानं गेली होती आणि घरी जाऊन तिनं घमेलं भरून ठेवलं होतं.

ती उठली. कप्तानला पोत्यासकट उचललं. पोट सोडलं तर आत नुसती हाडं होती. कडी कोपरानं काढली आणि कौसल्येच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"चालवत नाई त्याले," ती म्हणाली. "पण सकाळपासून तुझ्याच भिंतीकडं तोंड करून राहिला वं. मंग मीच आणला."

सकाळपासून त्याचं तोंड तिच्या मांडीत होतं. आयुष्यात एवढं मोठं खोटं ती कधी बोलली नव्हती.

कौसल्या मटकन खाली बसली. तिनं कप्तानचं डोकं मांडीवर घेतलं, घमेल्यात बोटं बुडवून त्याच्या जिभेवर पाणी सोडलं. शेपटीचं टोक जरासं हललं.

"पाह्यलं?" कौसल्या रडत रडत म्हणाली. "ओळखलं त्यानं मले! जिजाबाई, ओळखलं वं!"

जिजाबाईनं पदराचं टोक दातांखाली घट्ट धरलं.

"हाव," ती म्हणाली. "तुलेच ओळखलं."

मग ती कौसल्येला खेटून भुशात बसली आणि कप्तानचे मागचे दोन पाय तेवढे तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतले.