अर्ध्या तासाचं ऊन

मित्रांनो, मी एक टोपी आहे. बायकांनी उन्हात घालायची, रुंद काठाची. वय विचाराल तर तीनच उन्हाळे पाहिलेत, पण माझ्या काठावर एक पिवळा डाग आहे आणि तो बघून लोक मला फार जुनी समजतात. तो डाग हळदीचा आहे. टोपीला हळद कशी लागली, ते सांगेनच. आधी जन्माचं सांगते, कारण मला त्याचं अजूनही नवल वाटतं.

जयपूरच्या सीतापुऱ्यात एक मोठा कारखाना आहे. तिथे परदेशी पाठवायचे कपडे आणि टोप्या शिवतात. प्रभावती नावाची बाई रोज बस्सीहून बसने तिथे यायची. तिने गवताच्या बारीक वेणीचं एक टोक मशीनखाली धरलं आणि ती वेणी गोल गोल फिरवत शिवायला लागली. आधी मी रुपयाएवढी होते, मग वाटीएवढी, मग परातीएवढी. तिची बोटं एकदाही थांबली नाहीत. एका सरळ वेणीतून डोकं मावेल अशी पोकळी कशी तयार होते, हे मी स्वतः झाले तरी मला कळलेलं नाही.

मग अस्तराची वेळ आली. गडद निळ्या कापडाचे कापलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले होते. प्रभावतीला ते दिसलं नाही आणि तिने दोन्ही तुकडे एकावर एक मला शिवून टाकले. तपासणीच्या टेबलावर मला तराजूत ठेवलं, तर वजन जास्त भरलं. तपासणाऱ्याने मला नापास मालाच्या ढिगात भिरकावलं. माझं तोंडच उतरलं. मी तर विमानात बसायची स्वप्नं बघत होते!

प्रभावतीने जाता जाता मला उचलून झटकलं आणि हळूच म्हणाली, "कोई धूप की मारी ले जावे तुझे, तो अच्छा." ती स्वतः रोज ओढणी डोक्यावर घेऊन बसथांब्यापर्यंत भर उन्हात चालत जायची. मला तेव्हा तिचं बोलणं समजलं नाही.

नापास माल शहरातल्या एका दुकानात गेला. तिथे मला वरच्या फळीवर टांगलं. शेजारी फुलं लावलेल्या, रिबिनी लावलेल्या, नखरेल टोप्या होत्या. गिऱ्हाइकं यायची, आरशात बघून फोटो काढायची आणि त्यांतलीच एखादी घेऊन जायची. मला हातात धरलं की म्हणायची, "भारी है." मग परत खुंटीवर.

चैत्र लागला होता. एका संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, तिघीजणी दुकानात आल्या. बँकेत अधिकारी असलेली निशिगंधा, तिची दहा वर्षांची मुलगी ईश्वरी आणि निशिगंधाची आई रत्नप्रभाबाई. सुती साडी, मोठा अंबाडा, डोळ्यांवर चष्मा. एकतीस वर्षं त्यांनी मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवला होता. गावात त्यांना सगळे बाईच म्हणायचे, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते.

"आई, ही बघ ना, किती छान दिसेल तुला!" निशिगंधाने एक गुलाबी फुलांची टोपी पुढे केली.

"मला काय वरातीत नाचायचंय?" बाई म्हणाल्या. त्यांनी ती टोपी घेतली आणि डोक्यावर न घालता दिव्याकडे धरून आतून बघितली. "हे बघ, ईश्वरी. काय दिसतं?"

"आजी, तारे दिसतात! खूप सारे!"

"प्रत्येक तारा म्हणजे एक भोक. प्रत्येक भोकातून ऊन येणार. ही नको."

मित्रांनो, मी थक्क झाले. इतक्या दिवसांत असं आतून कुणी कुणाला बघितलं नव्हतं. बाई एकेक टोपी उतरवत होत्या. दिव्याकडे धरायच्या, काठावर बोटं ठेवून रुंदी मोजायच्या, मग अस्तर बघायच्या. पांढऱ्या अस्तराची एक टोपी त्यांनी लगेच परत केली. "खालच्या दगडावरून ऊन उलटं उसळतं, ते पांढऱ्यावर आपटून तोंडावर येतं. आत गडद रंगच पाहिजे," त्या म्हणाल्या. दुकानदार भैया तोंड उघडं टाकून ऐकत होता.

शेवटी त्यांचा हात माझ्याकडे आला. बाईंनी मला दिव्याकडे धरलं. माझ्या आत निळा अंधार होता. एकही तारा नव्हता. बाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांची चार बोटं माझ्या काठावर पुरती मावली, वर अजून एक बोट जागा उरली. हनुवटीखाली बांधायची नाडीही होती.

"हिला कुणीतरी दुहेरी अस्तर लावलंय," त्या म्हणाल्या. "ज्या बाईने लावलं तिला माझा नमस्कार सांगा."

मला तेव्हा प्रभावतीचे शब्द आठवले, पण त्यांचा अर्थ बाईंच्या घरी गेल्यावरच कळला. बाईंना ऊन सोसत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांना असा आजार जडला होता, की ऊन लागलं की चेहऱ्यावर लाल चट्टे उठायचे, सांधे सुजायचे, ताप भरायचा. सहा वर्षं बाई सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतरच घराबाहेर पडत होत्या. जगतपुऱ्यातल्या त्या फ्लॅटला दिवसभर जाड पडदे असायचे.

आणि मनातली इच्छा काय, तर त्यांना जंतरमंतरचं सम्राट यंत्र बघायचं होतं! दगडाचं ते प्रचंड सूर्यघड्याळ त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं. शाळेच्या मैदानात काठी रोवून मुलांना सावली मोजायला लावली होती. पण खरं यंत्र कधी बघितलं नव्हतं. दोन वर्षं त्याच शहरात राहूनही नाही. सावली बघायची तर ऊन हवं, आणि ऊन तर त्यांना वर्ज्य. आता निशिगंधाची कोल्हापूरला बदली झाली होती. सोमवारी सामानाचा ट्रक येणार होता. डॉक्टरांनी फार विनवण्यांनंतर परवानगी दिली होती: रविवारी सकाळी, यंत्रं बघायला उघडल्याबरोबर, फक्त अर्धा तास. लांब बाह्या, मलम, हातमोजे आणि चांगली टोपी हवीच.

म्हणजे त्या अर्ध्या तासाचा भार माझ्यावर होता.

एक अडचण लगेच निघाली. अंबाड्यावर मी बसेना. पुढे ओढलं की मागून मान उघडी, मागे सारलं की कपाळ उघडं. चाळीस वर्षांचा तो अंबाडा. बाई आरशासमोर एकेक आकडा काढायला लागल्या. "रविवारी वेणी घालीन. पोरीसारखी दिसेन, दिसू दे."

शनिवारी संध्याकाळी घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. जयपूरमधल्या ओळखीच्या मराठी बायकांचा निरोपही त्यातच होणार होता. बाईंनी मला दाराजवळच्या स्टुलावर उलटी ठेवली होती, म्हणजे काठ दबू नये. टोपी नेहमी डोक्याच्या बाजूवर ठेवायची, काठावर नाही, हे त्यांनी ईश्वरीला शिकवलं होतं. पाहा, ही काळजीच माझ्या अंगाशी आली.

लष्करात असलेल्या नवऱ्याबरोबर जयपूरला आलेली अमिता सगळ्यांत आधी मदतीला आली. स्वयंपाकघरातून पन्हं ढवळता ढवळता निशिगंधाने ओरडून सांगितलं, "अमिता, ओटीचे भिजवलेले हरभरे परडीत काढतेस का? परडी दाराजवळ ठेवलीय."

परडी दाराच्या मागे होती. दाराजवळ, डोळ्यांसमोर, होते मी. गवताची विणलेली, गोल, खोलगट आणि उलटी.

अमिताने माझ्यात पातेलंभर ओले हरभरे ओतले. वरून हळदीकुंकवाची बोटं लावली. मला ओरडायचं होतं, पण टोपीला कुठला आवाज? मग बायका आल्या. कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या, चैत्रगौरीची गाणी म्हटली आणि माझ्या पोटातून ओंजळी भरभरून हरभरे पदरात घेऊन गेल्या. खरं सांगू? भीती होती, तरी एक नवलही वाटत होतं. परदेशी बाईच्या डोक्यावर जायला जन्मलेली मी, आणि मुठीमुठीने ओटी वाटत होते.

शेवटची बाई गेली तेव्हा ईश्वरीने बघितलं. "आई! ये तो आजीची टोपी आहे!"

माझा काठ भिजून ओल्या पापडासारखा लोंबत होता. अस्तराला पाणी धरलं होतं. काठावर हळदीचा मोठा ठिपका होता. अमिताच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, मला खरंच वाटलं की... मी उद्या सकाळी दुसरी आणून देते."

"दुकानं उघडायच्या आत आपल्याला तिथे पोचायचंय," निशिगंधा बारीक आवाजात म्हणाली.

बाईंनी मला हातात घेतलं. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून प्रथमच बघत होते. त्यांचे डोळे भरले होते. पण अमिताकडे बघून त्या हसल्या. "अगं, टोपीची ओटी भरलीस तू. आता ती सासरी नीट नांदेल." मग मला टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "उद्याचं राहू दे. फळ्यावर इतकी वर्षं काढलंय, आणखी काय बघायचं."

त्यांना किती बघायचं होतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

ईश्वरी गेली नाही तिथून. माझ्या काठाला हात लावून ती म्हणाली, "आजी, तू साडीला खळ लावून कडक करतेस ना? मतलब, टोपीला नाही लावता येत?"

बाईंनी पदर खोचला.

भाताची पेज निघाली, गाळली, पातळ केली. बाईंनी दोन बोटांनी ती माझ्या प्रत्येक वेणीत चोळली, एकतीस वर्षांच्या सुती साड्यांचा सगळा सराव घेऊन. मला एका पालथ्या पातेल्यावर चढवलं, काठ ताटावर सपाट पसरला, त्यावर कडेकडेने पाण्याने भरलेल्या वाट्या ठेवल्या. जयपूरची हवा कोरडी, चैत्रातली. सकाळी मी उठले तेव्हा काठ पहिल्यापेक्षाही ताठ होता. फक्त हळद गेली नव्हती.

ईश्वरीने आजीची वेणी घातली. वाकडीतिकडी, पण घातली. मी डोक्यावर बसले. कपाळ झाकलं, कान झाकले, मान झाकली. नाडी बांधली. अमिता गाडी घेऊन दारात उभी होती.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. मी सावली करायला जन्मले. वीतभर सावली. आणि जंतरमंतरच्या त्या अंगणात दगडाचा एक जिना आभाळात चढत होता, त्याच्या दोन्ही अंगांना पंखांसारख्या संगमरवरी कमानी, आणि त्या जिन्याची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडली होती. एवढी सावली! तीनशे वर्षांपूर्वी माणसांनी ती मुद्दाम बांधून घेतली होती, सूर्य कुठे आहे ते कळावं म्हणून. माझा काठ मला केवढासा वाटला. आणि तरीही आम्ही एकाच कुळातल्या आहोत, असंही वाटलं.

देवळात शिरताना काढाव्यात तशा बाईंनी चपला काढल्या.

"आजी, पाय भाजतील ना!"

"भाजू देत थोडे," बाई म्हणाल्या. पण लगेच पुन्हा चपला घातल्या, कारण पाय भाजत राहिले असते, तर अर्धा तास त्यातच गेला असता. त्या एका ओट्यावर बसल्या आणि कमानीवरच्या एका रेघेकडे बोट दाखवलं. "ती रेघ धर. सावलीची कड आता तिच्याजवळ आहे. डोळे हलवू नकोस."

ईश्वरी बघत राहिली. निशिगंधा, अमिताही. आणि सावली चालायला लागली. खरंच चालायला लागली! मिनिटाला तीन-चार बोटं, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी, ती रेघ ओलांडून पुढे गेली.

"ती सावली नाही चालत," बाई म्हणाल्या. "आपण चाललोय. ही जमीन, हा ओटा, तू, मी, सगळे. मी शाळेत सांगायचे, आणि पोरं मान हलवायची. मला तरी कुठे खरं वाटत होतं?"

त्या रडत होत्या. माझ्या सावलीत त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ऊन त्यांना शिवत नव्हतं. माझ्या दोन्ही अस्तरांनी जीव मुठीत धरून ते अडवलं होतं.

तेवढ्यात ईश्वरीने जमिनीकडे बघितलं. तिथे माझी सावली होती. बाईंच्या पुढ्यात, गोल, काठाची. तिने एक खडा उचलला आणि सावलीच्या कडेवर ठेवला. "आजी, हलू नकोस अजिबात."

बाई हलल्या नाहीत. घड्याळात वीस मिनिटं झाली तेव्हा माझी सावली खड्यापासून सहा बोटं दूर गेली होती.

"टोपी पण यंत्र आहे!" ईश्वरी ओरडली.

मित्रांनो, कारखान्यात मी नापास झाले होते. त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही.

अर्धा तास संपायच्या आत निशिगंधाने आईला गाडीत बसवलं. पण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होती. ट्रक खाली उभा होता आणि घरातले सगळे बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. निशिगंधाने दिवा लावून कपाळ बघितलं, गाल बघितले, मान बघितली. कुठेही चट्टा नव्हता. हात लावून बघितलं, तर कपाळ गार होतं. निशिगंधा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली.

आता आम्ही कोल्हापूरला असतो. डॉक्टरांना विचारून दर रविवारी सकाळी बाई मला घालून गच्चीवर येतात, अर्धाच तास. खालच्या-वरच्या घरांतली मुलं जमतात. बाई खुर्चीवर स्थिर बसतात आणि मुलं माझ्या सावलीच्या कडेवर खडे ठेवतात. माझ्या काठाच्या वेण्या आता उसवत चालल्यात. वर्षातून दोनदा मला खळ लागते. हळदीचा डाग बाईंनी धुवायचा प्रयत्नही केला नाही.

टोपी घ्यायची असेल तर दिव्याकडे धरून आतून बघा, अस्तर गडद बघा, काठ चार बोटं तरी हवा, आणि घरी आणल्यावर तिच्यात हरभरे ओतू नका. एवढं माझ्यासाठी. पण मला खरं मागायचंय ते दुसरंच. तुमच्या घरात जाड पडद्यामागे बसलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा विचारा, बाहेर त्यांचं काय बघायचं राहिलंय. बाईंना सहा वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं. ईश्वरीने विचारलं, म्हणून आम्ही त्या संध्याकाळी दुकानात भेटलो.