सावलीची बाजू

अर्डिस हॉगनने रेल्वे फाटकाशी मोटार लावली तेव्हा वळणाच्या दक्षिणेला पाचजण आधीच कॅमेरे घेऊन उभे होते. फेब्रुवारीचं लख्ख ऊन, गुडघाभर बर्फ, आणि वारा अगदी पडलेला. मोंटानाच्या त्या उघड्या मुलखात असा दिवस फोटोवाल्यांना अख्ख्या हिवाळ्यात दोन-चारदाच मिळतो.

"आल्या बघा बाईसाहेब," गॉर्डी म्हणाला. गॉर्डी शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तीस वर्षं अर्डिसच्या शेजारी उभा राहून तो मालगाड्यांचे फोटो काढत आला होता. "तुझी जागा राखून ठेवलीय. लेकाची निवृत्तीआधीची शेवटची फेरी, आज पहिला मान तुझा."

"मी पलीकडे उभी राहणार आहे. उत्तरेला."

थर्मासचं झाकण लावता लावता गॉर्डी थांबला. "अगं, तिकडे सावली आहे."

"मला दिसतंय. डोळे शाबूत आहेत अजून."

"ब्याऐंशीव्या वर्षी बिघडलीस होय," तो म्हणाला, आणि बाकीचे हसले. "बरं, या माझ्या डिजिटलवर चाळीस काढीन, त्यातला एक तुला देईन. तुझ्या त्या डबड्यात किती उरलेत?"

"दोन. आणि चाळीसातले एकोणचाळीस तू घरी जाऊन पुसतोस, मला ठाऊक आहे."

दोनच उरले होते हे खरं. नवा रोल खिशात होता, पण एवढ्या थंडीत फिल्म काडीसारखी मोडते. कॅमेरा कोटाच्या आत छातीशी धरून ती फाटक ओलांडून पलीकडे गेली आणि शेताच्या वाटेवर, रुळांपासून बेताच्या अंतरावर, बर्फ तुडवून तिने उभं राहण्यापुरती जागा केली.

तो कॅमेरा वडिलांनी दिला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वडील इथल्याच गावचे स्टेशनमास्तर. त्यांनी कॅमेऱ्याबरोबर दोनच नियम दिले: सूर्य पाठीशी ठेवायचा, आणि माणसं चौकटीबाहेर. अर्डिसने ते नियम जन्मभर पाळले. तिच्या स्लाइडी पाहायला लांबलांबून लोक यायचे. इंजिनाच्या नाकावर ऊन, चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा असा स्वच्छ, आणि प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर तारीख आणि इंजिनाचा क्रमांक.

तिचा नवरा व्हर्जिल याच मार्गावर ड्रायव्हर होता. सकाळी पश्चिमेला जायचा, परतायचा तो अंधार पडल्यावर. ड्रायव्हरची बैठक उजवीकडे असते. पश्चिमेला निघालेल्या गाडीची उजवी बाजू म्हणजे उत्तर, म्हणजे सावली. अर्डिस उभी राहायची उन्हात.

चार वर्षांपूर्वी व्हर्जिल गेला. चर्चमधल्या अंत्यविधीच्या पत्रिकेसाठी त्याचा इंजिनातला एक फोटो हवा म्हणून ती आणि मुलगा कर्टिस स्वयंपाकघरात पेटारे उघडून बसले. तीन संध्याकाळी गेल्या. अकरा हजार स्लाइडी. एकीत पलीकडच्या खिडकीशी कोपरासारखं काहीतरी होतं. चेहरा एकीतही नव्हता. शेवटी पत्रिकेवर मोटारीच्या परवान्यावरचा फोटो छापला, त्यात व्हर्जिल कुणीतरी पकडून आणल्यासारखा दिसत होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस, आई," कर्टिस तेव्हा म्हणाला होता. "इंजिनं मात्र छान आलीत."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. तरी ते वाक्य तिच्या पोटात तसंच राहिलं. कर्टिसही ड्रायव्हर, तोच मार्ग, तीच वेळ, पस्तीस वर्षं. त्याचाही चेहरा तिच्याकडे नव्हता.

काल फोनवर तिने त्याला एवढंच सांगितलं होतं, "मी नेहमीच्या वळणावर असेन."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला होता.

दूरवर दिवा दिसला. फाटकाच्या अलीकडे भोंगा वाजला, दोन लांब, एक आखूड, एक लांब. शेवटचा नेहमीपेक्षा बराच लांबला. तिथे चढ आहे, गाडी माणूस पळेल तेवढ्याच वेगाने येते. अर्डिसने कॅमेरा बाहेर काढला. उजेडाचा अंदाज तिने आधीच बांधला होता. उन्हाचा नाही, सावलीचा. खालचा बर्फ उजेड वर फेकत होता, तेवढा पुरला असता. पलीकडून कॅमेऱ्यांची टकटक सुरू झाली, तरी ती थांबली. तिला इंजिन नको होतं. तिला खिडकी हवी होती.

खिडकी अगदी समोर आली, तर बैठक रिकामी.

काचेमागे डब्याची पिशवी लटकत होती. तिच्यापलीकडे, इंजिनाच्या दुसऱ्या खिडकीशी, चौकड्यांच्या सदऱ्यातली रुंद पाठ आणि वर केलेला हात. सवयीने तिच्या बोटाने बटण दाबलं.

मग धान्याचे डबे सुरू झाले. शंभराच्या वर असतील. ते सगळे जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. पलीकडच्यांना ती दिसत नव्हती, ते तिला दिसत नव्हते.

शेवटचा डबा गेल्यावर गॉर्डी फाटक ओलांडून आला. तो मस्करी करत नव्हता.

"बघ," म्हणून त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला आणि एकेक फोटो सरकवत गेला. पहिल्यात कर्टिस उन्हाने डोळे बारीक करून हसत होता, हात वर. चौथ्यात हसू तसंच होतं, पण नजर उभ्या असलेल्यांच्या रांगेवरून फिरत होती. नवव्यात तो मागे वळून पाहत होता. बाराव्यात हात खाली आला होता.

"तुला शोधत होता," गॉर्डी हळूच म्हणाला. "मी खूण केली पलीकडे, पण त्याला काय कळणार. पुसून टाकू का हे शेवटचे?"

"नको," अर्डिस म्हणाली. "एकही पुसू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी कर्टिस आला. बूट दारात काढून तो ओट्याशी उभा राहिला, कॉफीला हात लावला नाही.

"काल कुठे होतीस?"

"वळणावर."

"नव्हतीस. गॉर्डी होता, बाकीचे चौघे होते, तू नव्हतीस. गाडी चालू असताना मी कधी जागा सोडली नाही, आई. काल दोन पावलं गेलो पलीकडच्या खिडकीशी, तुला हात करायला. इंजिनातली माझी सहायक जोलीन ओरडली माझ्यावर. मला वाटलं तुला काही झालं. पुढच्या स्टेशनात फोन लागेपर्यंत माझं चित्त नव्हतं थाऱ्यावर."

"फोनवर सांगितलं ना मी, बरी आहे म्हणून."

"पण होतीस कुठे?"

"उत्तरेला. तुझ्या बाजूला."

कर्टिसने खुर्ची ओढली आणि तो बसला. चार वर्षांपूर्वी दोघं पेटारे उघडून बसले होते ते याच टेबलाशी.

"सावलीत?" त्याने विचारलं.

"सावलीत."

"मग काय मिळालं?"

"तुझी पाठ."

तो हसला, आणि हसता हसता त्याने टोपी काढून तोंड पुसलं. अर्डिस उठली आणि कपाटावरचा कॅमेरा घेऊन आली.

"तिथे बस, खिडकीशी."

"तिथे ऊन येत नाही."

"नकोच आहे."

"मागे इंजिन तरी हवं ना गं? नुसता मी कशाला?"

"टोपी घाल. आणि इकडे बघ."

साठ वर्षांचा तो माणूस शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला. खिडकीबाहेरच्या बर्फाचा उजेड त्याच्या गालावर येत होता. व्हर्जिलची हनुवटी त्याच्याकडे आली आहे हे तिला माहीत होतं; भुवईचंही तसंच आहे, हे मात्र तिने आज पाहिलं. बाहेर दूर भोंगा वाजला. त्याने सवयीने मान वळवली.

"जाऊ दे ती," ती म्हणाली.

त्याने परत तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने बटण दाबलं. मग फिल्म पुढे सरकवायची तरफ ओढली, ती अर्ध्यावरच अडली. रोल संपला होता.