ढकलायचं नाही, मारायचं

राग मला लवकर येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी "बाई फारच तापट" म्हणायला नको. माझी सगळी नोकरी एका कचेरीच्या तक्रार खिडकीत बसून चालली आहे. तिथे गरीब गाय टिकत नाही.

पण त्या रविवारी आला तसा राग आजवर आला नव्हता. उत्तरेश्वरराव मला म्हणाले, "प्रियदर्शनीताई, तुम्हाला कुणी फटका मारलाच नाही. मग तुम्ही अडवला असं आम्ही धरायचं कसं?"

उत्तरेश्वरराव म्हणजे आमच्या बॉल हॉकी लीगचे पंच. बॉल हॉकी ही बर्फावरच्या हॉकीची गरीब बहीण. बर्फ नाही, चाकं नाहीत. साधे बूट, हातात स्टिक, एक कडक नारिंगी बॉल आणि कर्वेनगरातलं कठडा घातलेलं सिमेंटचं स्केटिंगचं मैदान. दर रविवारी सकाळी मोठी माणसं तिथे घामाघूम होतात. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं, म्हणून नियमही सगळे जपून खेळायला लावणारे. खांद्याने धक्का द्यायचा नाही. स्टिक कमरेच्या वर न्यायची नाही. पंचांशी वाद फक्त कप्तानाने घालायचा, तोही अहो-जाहो करून. संघात दोन बायका हव्यातच.

आणि अकरावा नियम असा, की गोलमध्ये महिला उभी असेल तर समोरच्या पुरुषांनी बॉल नुसता ढकलायचा, फटका मारायचा नाही. मारला तर गोल धरायचा नाही आणि मारणाऱ्याला मैदानाबाहेर बसवायचं.

मी गोलमध्ये आले ती याच नियमामुळे. आमच्या खालच्या मजल्यावर आमोद राहतो. कंपनीत बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि 'कर्वेनगर कडक' या संघाचा कप्तान आहे. तो एकदा वर आला, माझ्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त उभं राहायचं. बाकी नियम बघून घेईल." डोकं चालतं मुलाचं! बाकीचे संघ धिप्पाड गोलकीपर शोधत होते, याने काकू शोधली.

मी उभी राहिले. पण नुसतं उभं राहणं मला जमत नाही, त्याला काय करणार? पहिल्याच महिन्यात मला त्या खेळाचं वेड लागलं. रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पॅड बांधायची आणि आमचे दशरथराव मला बॉल मारायचे. ढकलायचे नाहीत, मारायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, माणसाच्या मनात काय काय साठलं होतं ते तेव्हा कळलं. शेवटी सेक्रेटरींनी पाटी लावली : 'पार्किंगमध्ये बॉल मारू नये. समोर पत्नी असली तरीही.' आम्ही गच्चीवर जायला लागलो.

मोसमभर लीगमध्ये सगळ्यांत कमी गोल मी खाल्ले. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. मग समितीने उत्कृष्ट गोलकीपरसाठी नावं वाचली, त्यात माझं नाव नव्हतं. विचारायला गेले तेव्हा उत्तरेश्वररावांनी ते वाक्य ऐकवलं. वर म्हणाले, "गैरसमज नको. तुमच्या भल्यासाठीच आहे हो नियम."

माझ्या भल्यासाठी! माझ्याकडे येणारा प्रत्येक बॉल नियमाने आधीच अर्धा अडवलेला, आणि उरलेला अर्धा मी अडवला तर तो कुणी धरायचा नाही. मला ती ट्रॉफी नको होती. मी अडवलेला बॉल मी अडवला, एवढं कुणीतरी म्हणावं, बस. घरी जाऊन मी कणीक इतकी तिंबली, की दशरथराव म्हणाले, "त्या कणकेने काय बिघडवलंय तुझं?"

दुसऱ्या दिवशी मी आमोदला सांगितलं, "अंतिम सामन्याला अकरावा नियम नको." दोन्ही कप्तान तयार असतील तर एखादा नियम त्या सामन्यापुरता बाजूला ठेवता येतो, ही आमच्या लीगची जुनी पद्धत.

आमोदचा चेहरा पडला. "काकू, समोर धायरी आहे. धायरीत फैझल आहे. त्याचा फटका बघितलाय ना तुम्ही? स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेताय?"

"पाय माझा, धोंडा माझा."

"ट्रॉफी आपल्या सगळ्यांची आहे ना पण!"

"मग गोलमध्ये तू उभा राहा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'ओके.' त्यापुढे हात जोडलेले तीन इमोजी.

फैझल म्हणजे 'धायरी धडाका'चा कप्तान. टायरचं दुकान आहे त्याचं. ट्रकची चाकं उचलून उचलून दंड असे झालेत की शर्टाची बाही बिचारी जीव मुठीत धरून असते. पण बोलायला लोणी. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या मधोमध आमोदने त्याला विचारलं, तर तो माझ्याकडेच वळला. "नको ना आंटी. तुम्हाला लागलं तर अम्मी मला घरात घेणार नाही."

"अम्मींना सांग, आंटीने हेल्मेट घातलं होतं."

त्याच्या मागून धायरीची पोरं ओरडली, "घे की रं! त्याच म्हनत्यात तर!" फैझलने मान हलवली. उत्तरेश्वररावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आज अकरावा नियम लागू नाही. कठड्याला टेकून आमच्या विहारातल्या बायका उभ्या होत्या. सकाळची वंदना आटोपून पांढऱ्या साड्यांतच थेट मैदानावर आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना कळलं नव्हतं, पण वाजवल्या.

सामना सुरू झाला आणि लगेच गोल खाल्ला मी.

मारणारा फैझलसुद्धा नव्हता, दुसराच कुणीतरी किडकिडीत मुलगा होता. बॉल माझ्या हातमोज्याखालून गेला आणि मागची जाळी हलली तेव्हा मला कळलं. आमोदने आभाळाकडे बघितलं, ते फार झोंबलं. हेल्मेटच्या आत मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. एवढा सोस होता ना मारून घ्यायचा? घे आता!

मग हळूहळू जमलं. गच्चीवरचं सगळं अंगात उतरायला लागलं. बॉलकडे नाही, स्टिकच्या पात्याकडे बघायचं. पुढे सरकायचं, म्हणजे मारणाऱ्याला गोल लहान दिसतो. एक पॅडवर घेतला, एक छातीवर, एक सरळ हातमोज्यात. विहारातल्या बायकांना आता टाळ्या कधी वाजवायच्या ते समजलं होतं. मध्यंतरानंतर आमोदने एक गोल केला आणि आमच्या संघातल्या निकिताने कोपऱ्यातून दुसरा. दोन-एक! आमच्याकडे दोन!

तेवढ्यात फैझलने मारला तो. त्याचा पहिलाच मनापासून मारलेला फटका. पॅडच्या वर, मांडीवर बसला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी खाली बसले, पण बॉल बाहेर गेला होता. सगळे धावत आले. दशरथराव कठड्यावर चढले. फैझल तर पांढराफटक. "आंटी, सॉरी, सॉरी, पाणी आणू?"

"मी पाणी मागितलं का?" मी उठले. "जा आपल्या जागेवर."

मांडी अशी ठणकत होती की सांगता सोय नाही. पण खरं सांगू? आतून बरं वाटत होतं. मोसमात पहिल्यांदा कुणीतरी मला खेळाडू समजून मारलं होतं.

वेळ संपत आली. धायरी नुसती आमच्या अंगावर येत होती. माझ्यासमोर सगळे एकावर एक पडले आणि त्या गर्दीत आमोदने, शहाण्याने, बॉल हाताने मुठीत धरला. गोलपुढच्या चौकटीत गोलकीपर सोडून कुणी बॉल हातात धरला की पेनल्टी. मारणारा एकटा, गोलकीपर एकटी, मधे कुणी नाही. उत्तरेश्वररावांनी घड्याळ बघून सांगितलं, "वेळ संपली. हा एक फटका, मग खेळ बंद."

मारायला अर्थातच फैझल आला.

तो मधल्या रेघेवरून निघाला. मी पुढे सरकले. पात्याकडे बघत होते. पातं मागे गेलंच नाही. जवळ येऊन त्याने बॉल हळूच, पोराला झोपवल्यासारखा, माझ्या उजव्या बाजूला सरकवला. मी पाय पुढे केला. बॉल थांबला. शिट्टी झाली.

आणि आमचा संघ माझ्या अंगावर! निकिता रडत होती, आमोद "काकू! काकू!" करत नाचत होता, बायका ओरडत होत्या. कर्वेनगर पहिल्यांदा विजेते झाले होते. आणि मी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"व्हा बाजूला!" मी हेल्मेट काढलं. "हा धरायचा नाही."

आमोद नाचायचा थांबला.

"तू मारलास कुठे?" मी फैझलला विचारलं. "ढकललास."

तो खाली बघायला लागला. "आंटी, मघाशी तुम्हाला केवढं लागलं. हात झालाच नाही माझा. जाऊ द्या ना, जिंकलात तुम्ही."

"मी नाही जिंकले. तुझी दया जिंकली."

उत्तरेश्वरराव पुढे आले. "ताई, पंचांशी वाद फक्त कप्तानाने..."

"वाद कोण घालतंय? मी सांगतेय. जो नियम आज नव्हता तो याने पाळला. मग सामना आज ठरवलेल्या नियमांनी झाला का? तुम्हीच सांगा, आपण पंच आहात."

ते शिट्टी बोटांत फिरवत राहिले. माणूस वाईट नाही. विचार करून म्हणाले, "असं याआधी कधी झालेलं नाही. दोन्ही कप्तान तयार असतील तर पुन्हा मारू देतो. नाहीतर निकाल लागला."

धायरीवाले काय, लगेच तयार. त्यांना तर आंधळा मागतो एक डोळा अशी गत. प्रश्न आमोदचा होता. ट्रॉफी टेबलावर होती, दोन पावलांवर. निकिता त्याला म्हणत होती, "आमोद, प्लीज, डोन्ट बी स्टुपिड." तो मटकन खाली बसला, डोक्याला हात लावून. मी त्याच्यापुढे उभी राहिले. माझा राग उतरला होता, आता नुसती भीती वाटत होती, की हा नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर त्याचं चुकलं नसतं. पण मग जन्मभर माझ्या नावावर तो एक ढकललेला बॉल राहिला असता.

"काकू," त्याने वर बघितलं, "अडवणार ना?"

"ते मला काय माहीत?"

त्याला हसू आलं. खरंच आलं. तो उठला, मागची धूळ झटकली आणि ओरडला, "मार रे फैझल! पण या वेळी मार!"

मी हेल्मेट घातलं. फैझल पुन्हा मधल्या रेघेवर गेला. या वेळी त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मी मान हलवली. तो निघाला. मांडी ठणकत होती तरी मी पुढे गेले, गोल जितका लहान करता येईल तितका केला. पातं मागे गेलं, कमरेपर्यंत, जितकं नियमात बसतं तितकं. आवाज झाला, लाकूड फोडल्यासारखा.

बॉल दिसला नाही मला. हात गेला. डावा हात, वर, खांद्याच्याही वर. हातमोज्याच्या कडेला काहीतरी आदळलं, मनगट मागे फिरलं, बॉल उडून वरच्या दांडीला लागला आणि माझ्या पाठीमागे पडला. मी उलटी वळून त्याच्यावर अंग टाकलं. पोटाखाली तो कडक गोळा लागला तेव्हा मी डोळे उघडले. खाली पांढरी रेघ होती. बॉल रेघेच्या अलीकडे होता.

उत्तरेश्वरराव गुडघ्यांवर बसून वाकून बघत होते. त्यांनी दोन्ही हात आडवे फिरवले. गोल नाही!

पुढचा गोंधळ मला नीट आठवत नाही. दशरथराव कठड्यावरून आत उडी मारून आले एवढं आठवतं. विहारातल्या बायका तर दारातून आत घुसल्याच, पंचांनी मनाई केली तरी. आमोद मला उचलायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

पलीकडे धायरीची पोरं फैझलला घेरून उभी होती. त्यातला एक त्याला टोचून म्हणाला, "परत ढकललाच ना रं? काकूंना बघून हात आखडला तुझा. खरं सांग!"

आणि तो लोण्यासारखा मुलगा पेटला. त्याने स्टिक जमिनीवर आपटली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "ढकलला? ढकलला म्हणतोस? आयुष्यात एवढ्या जोरात कधी मारला नव्हता मी! जीव खाऊन मारला! त्यांनी अडवला! अडवला त्यांनी! विश्वास नसेल तर तू जा, उभा राहा तिथे, तुलाही मारतो!"

तो भांडत होता, हरलेला माणूस, स्वतःच्याच संघाशी, माझ्या बाजूने. मी हेल्मेट काखेत धरून तिथेच उभी राहिले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. त्याला थांबवलं मात्र नाही. म्हटलं, ओरड बाबा, अजून ओरड.