हरवलेल्या बाईचं नाव

"बी.कॉम. झालीस ना? मग संध्याकाळी उठून आणखी काय शिकायला जातेस? टाइपरायटरला टीव्ही जोडला की झाला कॉम्प्युटर!" बूट काढता काढता विष्णु हे रोज एकदा तरी म्हणायचा. आणि वैदेही रोज तेवढ्यात वही पिशवीत टाकायची.

विष्णुच्या बँकेतल्या बदलीमुळे त्यांचं बिऱ्हाड नागपूरहून बनारसला आलं, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. वैदेही मूळचीच घोर लावून घेणारी. चार वर्षांची सई नुसती शिंकली तरी ही रात्रभर तिच्या उशाशी बसायची. वर्गाला निघताना ती शेजारणीला पुन्हा पुन्हा बजावायची, जिन्यातून परत वर यायची, आणि तरीही जायची. नीलकंठ सरांचा वर्गच तसा होता. व्यापार शिकणाऱ्या मुलांना ते 'माहिती प्रणाली' हा विषय शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटरशिवाय माहिती प्रणाली चालते का?" सगळा वर्ग म्हणाला, नाही. सर हसले. "चालते की! तुमचा पोस्टमन काय कॉम्प्युटर घेऊन फिरतो? पण माणसं ओळखल्याशिवाय मात्र ती एक दिवस चालत नाही." वैदेहीला ते अगदी पटलं होतं. निदान तिला तसं वाटलं होतं.

साल १९९५. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. ग्रहणाच्या स्नानाला सारा मुलूख काशीत लोटणार! सरांच्या विद्यार्थ्यांनी घाटाघाटांवर हरवलेल्यांसाठी चौक्या मांडल्या. प्रत्येक चौकीवर दोन विद्यार्थी आणि एक टेलिफोन. दशाश्वमेध घाटावरच्या मुख्य तंबूत एकुलता एक कॉम्प्युटर. चौकीवर कुणी आलं की त्याची माहिती फोनवरून तंबूत यायची आणि तिथली मुलगी ती कॉम्प्युटरमध्ये भरायची. वैदेहीनं काम घेतलं नव्हतं. दिवाळीला सासूबाई पहिल्यांदाच बनारसला आल्या होत्या. त्यांना गंगास्नान घडवायचं होतं.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. विष्णु वर कपडे सांभाळत उभा राहिला. वैदेहीची मूठ सईच्या मनगटाभोवती घट्ट.

"सोड गं तिला, मी धरते," सासूबाई म्हणाल्या. "शांतपणे बुडी मार बघू. सारखी काय पोरीला चिकटतेस!"

वैदेहीनं हात सोडला, नाक दाबलं, बुडी मारली. डोळ्यांवरचं पाणी निपटून वर पाहिलं, तर पायरीवर भलत्याच बायका उभ्या होत्या!

"सई! आई!"

तेवढ्यात उजेड तांबूस झाला, मग राखेसारखा. घाटावरची कबुतरं गप्प झाली. हजारो तोंडांतून एकदम मंत्र, शंख, आरोळ्या उठल्या, आणि त्या गजरात वैदेहीची हाक तिची तिलासुद्धा ऐकू येईना. सासूबाईंना ना गल्ली ठाऊक, ना घराचा पत्ता. नदी चार पायऱ्यांवर!

ओल्या लुगड्यानिशी ती तंबूत घुसली. मागोमाग विष्णु. सई नावाची नोंद नव्हती.

"माताजी का नाम?" कॉम्प्युटरवरच्या मुलीनं विचारलं.

विष्णु क्षणभर अडखळला. "शरदिनी."

तेही नाव नव्हतं. भोंग्यावरून पुकारा झाला, "शरदिनी देवी जहाँ कहीं हों…" कुणी आलं नाही.

"भइया, नावानं तिला कोण ओळखतंय?" विष्णु पुकारा करणाऱ्यावर चिडला. "'विष्णु की माँ' म्हणा!"

तसाही पुकारा झाला. थोड्याच वेळात धापा टाकत तीन म्हाताऱ्या तंबूत हजर! तिघींनाही आपापला विष्णु हवा होता. हा विष्णु बघून तिघींची तोंडं उतरली.

नीलकंठ सर पुढे आले. "वैदेही, नाव बाजूला ठेव. भाषा कोणती? सोबत कोण?"

"मराठी. सोबत लहान मुलगी."

सरांनी कळफलकावर बोटं चालवली. हिरवी अक्षरं सरसर वर गेली. सकाळपासून हरवलेली सगळी माणसं, गावोगावची, नाना बोलींची, त्या काळ्या काचेतून वाहत गेली. वैदेहीला वाटलं, बाहेर एक गंगा आहे आणि ही आत दुसरी! मग प्रवाह थांबला. एकच नोंद उरली. सरांनी ती मोठ्यानं वाचली.

"शिंदे घाट. वृद्ध महिला, भाषा मराठी, सोबत एक मुलगी. नाव कालिंदी. पतीचं नाव सांगत नाहीत."

"कालिंदी? ही दुसरीच कुणी तरी." विष्णुनं वैदेहीचा दंड धरला. "वेळ घालवू नकोस. चल पोलिसांकडे."

"अहो, थांबा ना! सर, पुढे काय आहे?"

"पित्याचं नाव ढुंढिराज."

विष्णुचा हात सुटला. "हे… हे माझ्या आजोबांचं नाव. आईच्या वडिलांचं."

आजोबांचं नाव त्याला पाठ होतं, पणजोबांचंही असेल. आणि आईचं माहेरचं नाव? वैदेहीला स्वतःचीही शरम वाटली. सईच्या अंगावरचा तीळन्‌तीळ तिला ठाऊक होता. रोज जिच्या पाया पडत होती, त्या बाईचं माहेरचं नाव तिनंही कधी विचारलं नव्हतं!

शिंदे घाटावरच्या चौकीत सासूबाई फळकुटावर बसल्या होत्या. मांडीवर सई गाढ झोपलेली. वैदेहीनं तिला उचलून छातीशी इतकी आवळली की ती रडायलाच लागली.

"किती वेळ रे!" सासूबाई विष्णुवर उखडल्या. "लोंढ्यानं ढकलत आणलं बघ. आणि तो भोंगा सारखा बोंबलतोय, कुणी शरदिनी हरवलीय म्हणून. मग कुणाच्या तरी 'माँ'लाही पुकारलं, कुणाच्या ते गलक्यात ऐकूच आलं नाही. मी सईला म्हटलंसुद्धा, त्या शरदिनीची बिचारीची माणसं कुठे असतील!"

वैदेहीला हसू की रडू कळेना. "अहो आई, शरदिनी तुम्हीच ना!"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "हो की. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलं होतं ते. पण त्या नावानं हाक मारली कुणी? तुझे सासरे 'अगं' म्हणायचे, दीर 'वहिनी', पोरं 'आई'. चौकीवरच्या या मुलीला मी सांगितलं, विष्णुची आई. तर म्हणते कशी, माताजी, बेटे का नहीं, आपका नाम! कित्येक वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं गं. एकदम वडिलांची हाकच कानात आली."

"मला कधी बोलली नाहीस, आई," विष्णु म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते विष्णुला जास्त लागलं. परत तंबूशी येऊन त्यानं कॉम्प्युटरला चक्क हात जोडले.

"त्याला कशाला नमस्कार करता?" नीलकंठ सर म्हणाले. "एका मुलीनं विचारलं, एका बाईनं सांगितलं, तेवढंच त्यानं परत दिलं. आमचीही चूकच झाली. नात आजीच्या हाताला होती, म्हणून तिचं नाव लिहूनच घेतलं नाही. आपण ज्याला मोजत नाही, त्याला यंत्र कुठून शोधणार?"

घरी जाताना सई विष्णुच्या खांद्यावर होती. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. "तांदळावर 'वैदेही' मीच लिहिलं होतं. तुला विचारलं नव्हतं. तुला कोणतं नाव हवंय?"

नीरजा हे माहेरचं नाव तिच्या ओठांवर आलं. पण ती हसली. "विचारलंत ना? आता सावकाश ठरवीन."

वाचकहो, घरोघरी कॉम्प्युटर येतील, साऱ्या जगाची माहिती क्षणात समोर मांडतील. त्याचं नवल वाटावं, असंच ते आहे! पण ती माहिती आपणच त्यांच्या हवाली करणार, आणि आपणच घरातल्या बाईला कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको एवढंच ओळखत असू, तर ती हरवल्यावर शोधायचं तरी कुणाला? आई समोर बसलेली असते. पुकारा करण्याची वेळ येण्याआधी तिला तिचं नाव विचारा!